साठच्या दशकातील कोंकणी पॉप संगीत : ख्रिस पेरी यांच्या बँडचा आरंभकाळ आणि किनाऱ्यावरील समाजांचे गाणे

प्रस्तावना

एखाद्या समाजाच्या सांगीतिक इतिहासाचा विचार होतो तेव्हा आपल्याकडे दोन कप्पे आधीच तयार असतात. एका कप्प्यात लोकगीत जाते आणि दुसऱ्यात शास्त्रीय संगीत. या दोहोंच्या मधोमध तबकडीवर, लग्नाच्या मांडवात, हॉटेलच्या नृत्यगृहात वा नाटकाच्या दोन प्रवेशांमध्ये जे गाणे वाजले, ते बहुधा 'हलकेफुलके' ठरून अभ्यासाच्या बाहेर राहते. वस्तुतः विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्वाधिक लोकांच्या कानांवर पडलेले गाणे हेच होय. ते कोणी रचले, कोणी वाजवले आणि त्यातून वादकाच्या हाती काय आले, हे प्रश्न त्यामुळेच विचारण्याजोगे ठरतात.

प्रस्तुत लेखात या दृष्टीने ख्रिस पेरी यांचा बँड आणि त्या बँडची गायिका लोर्ना कोर्देरो यांच्या आरंभकाळाचा परामर्श घेतला आहे. विषय गोमंतकीयांचा असला तरी तो घडला मुंबईत. पालघर तालुक्याच्या किनाऱ्यावरील वाचकाला तो परका वाटण्याचे कारण नाही. सातपाटीशेजारचा शिरगावचा किल्ला, केळवे-माहीम, तारापूर ही सारी ठिकाणे इ. स. १७३९ च्या मराठ्यांच्या मोहिमेपर्यंत पोर्तुगीजांच्या उत्तरेकडील मुलखात मोडत होती. पुढे या दोन किनाऱ्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. तरी दोन्हीकडील कष्टकरी माणसाचे तोंड मुंबईकडेच राहिले. सातपाटीचे पापलेट मुंबईच्या बाजारात गेले आणि गोव्याचा व्हायोलिनवादक मुंबईच्या ध्वनिमुद्रणशाळेत गेला. गाण्याच्या बाबतीत मात्र या दोन समाजांचे अनुभव फार भिन्न ठरले. तो भेद लेखाच्या उत्तरार्धात पाहावयाचा आहे.

वाद्य हाती कसे आले

साठच्या दशकात मुंबईत पाश्चात्त्य वाद्ये वाजवणाऱ्यांत गोमंतकीयांचे एवढे प्राबल्य का होते, याचे उत्तर अनेकदा 'रक्तातच संगीत' अशा सोप्या शब्दांत दिले जाते. हे उत्तर अभ्यासकाला मान्य होण्यासारखे नाही. खरे कारण शिक्षणव्यवस्थेत आहे. पोर्तुगीज अमलातील गोव्यात चर्चला जोडलेल्या गावशाळांमधून मुलांना उपासनेतील गायनासाठी स्वरलेखन वाचायला शिकवले जाई. तेथील संगीतशिक्षक, ज्याला 'मेस्त' म्हणत, मुलांकडून सोल्फेज घोकून घेई आणि बहुतेकांच्या हाती व्हायोलिन देई. शेताचा तुकडा नसलेल्या घरातील मुलगाही कागदावरील सुरावट पाहून वाजवू शके. हे कौशल्य धार्मिक हेतूने दिले गेले होते. पण गावाबाहेर त्याला रोख किंमत होती.

गोव्यात उद्योग नव्हते. त्यामुळे एकोणिसाव्या शतकापासून तरुण ब्रिटिश हिंदुस्थानात जाऊ लागले. कोणी बोटीवर खलाशी वा आचारी झाले, कोणी संस्थानिकांच्या आणि लष्कराच्या बँडमध्ये, तर कोणी मूकपटांच्या काळात पडद्यासमोर बसणाऱ्या वाद्यवृंदात गेले. मुंबईत त्यांचा आधार म्हणजे 'कूड'. धोबीतलाव, माझगाव या भागांत गोव्यातील प्रत्येक गावाने आपापली खोली वा मजला घेऊन ठेवलेला असे. नाममात्र वर्गणीत तेथे पेटी ठेवायला जागा, झोपायला चटई आणि सायंकाळी सामुदायिक प्रार्थना मिळे. गिरणी कामगारांच्या गावकीच्या खोल्यांशी याचे साम्य सहज लक्षात येईल. नोकरी सुटलेला वादक आणि बोटीची वाट पाहणारा खलाशी एकाच छपराखाली राहत. खलाशी परदेशातून येताना तबकड्या आणीत, हेही या व्यवस्थेचेच एक अंग होते.

नृत्यगृह आणि ध्वनिमुद्रणशाळा

१९३५ साली लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादकाचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला आणि जॅझ संगीत येथील वादकांनी प्रत्यक्ष जवळून ऐकले. पुढील दोन दशकांत गोमंतकीय वादकांनी ही शैली आत्मसात केली. 'चिक चॉकलेट' या नावाने ओळखले जाणारे ट्रंपेटवादक अँटोनियो झेवियर वाझ हे त्या पिढीतील ठळक नाव होय.

स्वातंत्र्यानंतर परिस्थिती पालटली. इंग्रज गिऱ्हाईक गेले, आणि १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने हॉटेलांच्या रात्रीच्या व्यवसायाला ओहोटी लागली. वादकांना तारले ते हिंदी चित्रपटांनी. चित्रपटाचे संगीतकार चाली बांधीत, पण त्यांपैकी अनेकांना पाश्चात्त्य स्वरलेखन अवगत नव्हते. चाळीस-पन्नास वादकांनी एकाच वेळी काय वाजवायचे हे कागदावर उतरवणारा माणूस लागे, आणि तो बहुधा गोव्याचा असे. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट ही त्यांतील प्रमुख नावे. श्रेयनामावलीत त्यांचा उल्लेख आला तर 'सहायक' म्हणून येई, पुष्कळदा येतही नसे. अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये स्वतःचा वाद्यवृंद उभारून भारतीय रागांवर आधारलेल्या पाश्चात्त्य पद्धतीच्या रचना सादर केल्या. सर्वसामान्यांना मात्र ते १९७७ च्या एका चित्रपटगीतातील नावामुळेच ठाऊक आहेत. ज्याने इतरांच्या चाली सजवल्या त्याच्या वाट्याला एक विनोदी गाणे यावे, हा नियतीचा मासलेवाईक न्याय म्हणावा लागेल.

साठच्या दशकातील मुंबईचा वादक अशा रीतीने दुहेरी पाळीत जगत होता. दिवसा ध्वनिमुद्रण आणि रात्री चर्चगेटच्या हॉटेलांत वादन. अ‍ॅस्टोरिया हॉटेलातील 'व्हेनिस' हे ठिकाण त्या काळी जॅझसाठी विशेष प्रसिद्ध होते. १९६३ मध्ये ड्यूक एलिंग्टन आणि १९६४ मध्ये लुई आर्मस्ट्राँग यांचे मुंबईत कार्यक्रम झाले. त्याच सुमारास बीटल्सच्या प्रभावाने गिटार हाती घेतलेल्या महाविद्यालयीन तरुणांचे 'बीट ग्रुप' निघू लागले. १९६५ च्या 'गुमनाम' चित्रपटात दिसणारा टेड लायन्स यांचा बँड याच वातावरणातला. गोव्यातही शाळकरी वयाच्या रेमो फर्नांडिस यांनी मित्रांसमवेत 'बीट फोर' हा बँड काढला होता. या बहुतेक तरुण मंडळींचे गाणे इंग्रजीत होते. ख्रिस पेरी यांचे वेगळेपण येथेच सुरू होते.

ख्रिस पेरी : तियात्राकडून तबकडीकडे

ख्रिस पेरी यांचा जन्म १९२८ साली मडगावनजीकच्या बोर्डा येथे झाला. ट्रंपेट आणि सॅक्सोफोन ही दोन्ही वाद्ये ते वाजवीत. फुंकवाद्यांच्या दृष्टीने ही गोष्ट साधी नव्हे. ट्रंपेटला ओठांचा ताण लागतो आणि सॅक्सोफोनला वेताच्या पट्टीवरचा ताबा लागतो. एकाची सवय दुसऱ्याला बाधते. त्यांचे बंधूही वादक होते. मुंबईत हॉटेलांमधून बँड चालवीत असतानाच त्यांचा संबंध तियात्राशी आला आणि त्यांनी स्वतः तियात्रे रंगभूमीवर आणली. 'नोवरो म्होजो देवचार', 'पाद्री', 'तूं आनी हांव' ही त्यांची तियात्रे.

तियात्र हा प्रकार मराठी वाचकाला थोडा समजावून सांगणे आवश्यक आहे. १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत लुकासिन्हो रिबेरो यांनी 'इटालियन भुरगो' सादर केले, तेव्हापासून या रंगभूमीची गणना होते. गोव्याचा म्हणून ओळखला जाणारा हा नाट्यप्रकार मुंबईत जन्मला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. तियात्रात नाटकाच्या प्रवेशांदरम्यान 'कांतार' म्हणजे गाणी होतात आणि त्यांचा कथानकाशी संबंध असलाच पाहिजे असे नाही. महागाई, सासू-सून, बोटीवर गेलेला नवरा, पुढारी यांवर गायक टीकाटिप्पणी करतो आणि प्रेक्षक 'पुन्हा' म्हणून ओरडतो. आपल्या तमाशातील वगाच्या आधीची बतावणी आणि कांतार यांची तुलना करून पाहण्यासारखी आहे. कांतारात शब्दाला महत्त्व असते. चाल पुष्कळदा कोठून तरी उचललेली चाले आणि बँडचे काम गायकाला आधार देण्याचे असे.

पेरी यांनी हे नाते उलटे केले नाही, पण सारखे केले. त्यांच्या रचनांत बँड हा गायिकेचा जोडीदार होतो. तिने ओळ म्हणावी आणि ट्रंपेट-सॅक्सोफोनच्या ताफ्याने तिला जणू चिडवल्यासारखे उत्तर द्यावे, अशी ही मांडणी आहे. तिचे मूळ जॅझमध्ये आणि त्याही आधी आफ्रिकी-अमेरिकी चर्चगायनात आहे. कोंकणी भाषेत ती प्रथमच एवढ्या सफाईने आली. येथे लोर्ना यांचा वाटा निर्णायक ठरला. १९४६ साली जन्मलेल्या आणि मुंबईत वाढलेल्या लोर्ना किशोरवयातच बँडबरोबर गाऊ लागल्या होत्या. त्यांचा आवाज जाड, भरीव आणि किंचित खरखरीत. त्या काळच्या भारतीय सुगम संगीतात स्त्रीच्या आवाजाचा आदर्श लता मंगेशकरांनी घालून दिलेला होता आणि तो उंच पट्टीतला, बारीक व निर्मळ होता. त्या आदर्शाच्या मोजपट्टीवर लोर्ना यांचा आवाज बसत नव्हता. हिंदी चित्रपटात असा आवाज लागला तर तो नृत्यगृहातील 'वाईट' बाईसाठी लागे. कोंकणी गाण्यात मात्र तोच आवाज नायिकेचा झाला, आईचा झाला, चेष्टेखोर शेजारणीचाही झाला. या एका गोष्टीसाठीही या गाण्यांची नोंद घ्यावी लागेल.

'बेबदो' म्हणजे दारुडा आणि 'पिसो' म्हणजे वेडा. लोर्ना यांच्या दोन अत्यंत लोकप्रिय गाण्यांची ही शीर्षके आहेत. दोन्ही विषय तियात्राच्या परंपरेतले, म्हणजे घरच्या दुखण्यावर हसत बोट ठेवणारे. दारूबंदीच्या मुंबईत दारुड्यावर गाणे करणे ही नुसती गंमत नव्हती. त्या शहरात अनेक गरीब ख्रिस्ती घरांना चोरून दारू विकण्याचा ठपका सोसावा लागत होता आणि त्याच घरांतल्या बायका नवऱ्याच्या व्यसनाने गांजल्याही होत्या.

रचनेची काही वैशिष्ट्ये

संगीताचा अभ्यासक नसलेल्या वाचकासाठी दोन बाबी स्पष्ट करणे पुरेसे होईल. पहिली तालाची. गोव्याचे पारंपरिक मांडो हे गीत सहा मात्रांच्या संथ आवर्तनात चालते; त्याला जोडून येणारे दुलपद द्रुत असते. पेरी यांनी हा साचा सोडून चा-चा-चा, वॉल्ट्झ, स्विंग, रॉक अँड रोल हे नृत्याचे ताल घेतले. या तालांत आघात अपेक्षित मात्रेच्या किंचित आधी वा नंतर येतो आणि ऐकणाऱ्याचे पाऊल आपोआप हलते. कोंकणीत स्वरान्त आणि अनुनासिक शब्द विपुल आहेत. त्यामुळे शब्दाचा शेवट लांबवून पुढच्या आघातावर अलगद टाकता येतो. इंग्रजी गाण्याच्या चालीवर कोंकणी शब्द कोंबल्यासारखे येथे वाटत नाही, याचे हे एक कारण असावे.

दुसरी बाब तबकडीच्या वेळेची. त्या काळी लोकप्रिय असलेल्या ४५ फेऱ्यांच्या छोट्या तबकडीवर दोन्ही बाजू मिळून चार गाणी मावत. प्रत्येक गाण्याला सुमारे तीन मिनिटे. तियात्रात प्रेक्षकांच्या आग्रहाखातर कांतार वाटेल तेवढे लांबे. नृत्यगृहात बँड एकच धून दहा मिनिटे खेळवी. तबकडीसाठी या दोन्ही सवयी मोडाव्या लागल्या. पहिल्या काही सेकंदांतच लक्ष वेधून घेणारा वाद्यांचा तुकडा, दोन कडवी, मध्ये वादनाची छोटी जागा आणि झटक्यात शेवट असा आटोपशीर घाट त्यातून तयार झाला. ज्याला आज आपण पॉप गाणे म्हणतो तो घाट बऱ्याच अंशी या लाखेच्या आणि पुढे व्हिनाइलच्या चकतीने ठरवला आहे. मुंबईत ध्वनिमुद्रित झालेले हे गाणे ग्रामोफोन कंपनीच्या कलकत्त्याजवळील डमडम येथील कारखान्यात तबकडीवर उमटे आणि मग गोव्यातील वाड्यावर पोहोचे.

भाषेचा प्रश्न

या गाण्यांचा काळ राजकीयदृष्ट्या शांत नव्हता. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि लगेच महाराष्ट्रात विलीनीकरणाचा वाद पेटला. कोंकणी ही स्वतंत्र भाषा की मराठीची बोली, हा त्या वादाचा गाभा होता. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरणाच्या विरोधातील बाजू सुमारे ३४ हजार मतांनी जिंकली. त्या प्रचारात उल्हास बुयांव यांच्या कोंकणी गीतांनी मोठी कामगिरी बजावली, हे सर्वमान्य आहे. पेरी-लोर्ना यांची गाणी प्रचाराची नव्हती. तथापि ज्या भाषेत आधुनिक शहरी जीवन व्यक्त होऊ शकत नाही असे म्हटले जात होते, तिच्यात चा-चा-चा गायला जात होता, तोही मुंबईत. मराठीच्या प्राध्यापकांनी या घटनेकडे हरल्याच्या भावनेने न पाहता भाषाविज्ञानाच्या दृष्टीने पाहावे, असे सुचवावेसे वाटते. भाषेची क्षमता व्याकरणग्रंथांनी सिद्ध होते तशी ती नृत्यगृहातही सिद्ध होते.

विजयी पक्षानेही या गाण्याला सहजी घरात घेतले नाही, हे येथे नमूद करणे न्याय्य होईल. १९७५ मध्ये साहित्य अकादमीने कोंकणीला मान्यता दिली आणि १९८७ च्या गोवा राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणी राजभाषा झाली. तियात्राचे आणि या गाण्यांचे जग रोमी लिपीतले होते. परिणामी वाङ्मयेतिहासात त्यांना मिळालेली जागा त्यांच्या लोकप्रियतेच्या मानाने अगदीच तोकडी आहे.

कोळीगीतांशी तुलना

आता सातपाटीकडे वळू. त्याच सुमारास मराठीत कोळीगीतांची लाट आली. शान्ता शेळके यांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत आणि लता मंगेशकर व हेमंतकुमार यांचे स्वर यांतून साकारलेले 'मी डोलकर' हे गाणे महाराष्ट्रात घरोघर पोहोचले. ते उत्तम गाणे आहे, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. परंतु त्याची निर्मितिप्रक्रिया पेरी यांच्या गाण्याच्या नेमकी उलट आहे. कवयित्री, संगीतकार, गायक यांपैकी कोणीही कोळी समाजातले नव्हते. कोळी माणूस त्या गाण्यात विषय आहे, निर्माता नाही. लग्नात आणि नारळी पौर्णिमेला गायल्या जाणाऱ्या मूळ गाण्यांचा ठसका, त्यांतील नावे, शिवराळ थट्टा हे सारे गाळून सर्वांना रुचेल असे रूप तयार झाले. दर्याचे सौंदर्य आले. जाळ्याचा खर्च, सावकार आणि उतरलेला भाव हे आले नाहीत. सातपाटीतील मच्छीमारांनी सावकाराच्या तावडीतून सुटण्यासाठी सहकारी सोसायट्या उभारल्या होत्या, होड्यांना यंत्रे बसत होती आणि उत्तरेला तारापूरची अणुभट्टी १९६९ मध्ये वीज देऊ लागली होती. या बदलत्या किनाऱ्याचे चित्र रेडिओवरील कोळीगीतात शोधून सापडत नाही. आणखी एक तपशील पाहण्यासारखा आहे. डोल म्हणजे प्रवाहात खुंटांना बांधलेले पिशवीसारखे जाळे. सातपाटीचा लौकिक प्रामुख्याने पापलेटसाठी पाण्यात भिंतीसारख्या उभ्या सोडल्या जाणाऱ्या जाळ्यांवर उभा आहे. रेडिओच्या गाण्यात मात्र साऱ्या किनाऱ्याचा कोळी सरसकट 'डोलकर' झाला.

हा भेद प्रतिभेच्या कमीअधिकपणाने पडलेला नाही. गोमंतकीयांकडे स्वरलेखनाचे शिक्षण होते, शहरात कुडीसारखी वसतिव्यवस्था होती, तिकीट काढून येणारा तियात्राचा प्रेक्षक होता आणि ध्वनिमुद्रणशाळेत रोजची ये-जा होती. म्हणून त्यांचे गाणे त्यांनीच रचले, त्यांनीच वाजवले आणि त्यांच्यातीलच मुलीने गायले. कोळी समाजाकडे गाणे भरपूर होते, पण ध्वनिमुद्रणशाळेच्या दारातून आत नेणारा दुवा नव्हता. पुढे वेसाव्यासारख्या कोळीवाड्यांतून समाजातीलच मंडळींनी कॅसेटच्या युगात स्वतःची गाणी बाजारात आणली. ध्वनिमुद्रण स्वस्त झाल्यावरच हे घडले, ही बाब बोलकी आहे.

पुढील वाटचाल

पेरी आणि लोर्ना यांची जोडी सत्तरच्या दशकाच्या आरंभी फुटली. लोर्ना सुमारे दोन दशके व्यासपीठावरून अदृश्य झाल्या. त्यांचा आवाज तबकड्यांवर आणि मग कॅसेटवर वाजत राहिला. गायिका मात्र त्याच मुंबईत अज्ञातवासात होती. ख्रिस पेरी पुढे काही काळ दुबईत संगीत शिकवीत होते. २००२ मध्ये त्यांचे निधन झाले. लोर्ना १९९५ मध्ये गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर पुन्हा गायल्या तेव्हा प्रचंड जनसमुदाय लोटला होता. २०१४ मध्ये बार्ड्रॉय बार्रेटो यांनी या काळावर 'नाचूंया कुंपासार' हा कोंकणी चित्रपट काढला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार लाभला आणि जुनी गाणी नव्या पिढीने ऐकली. तत्पूर्वी २०१२ मध्ये नरेश फर्नांडिस यांनी मुंबईच्या जॅझवरील ग्रंथात या वादकांचा इतिहास मांडला होता. म्हणजे पन्नास वर्षांनंतर का होईना, नोंद झाली.

पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील बँड, बेंजो पार्ट्या आणि लग्नात गाणाऱ्या बायका यांची अशी नोंद अद्याप व्हावयाची आहे. हे काम विद्यापीठीय प्रकल्पाची वाट न पाहता महाविद्यालयाच्या पातळीवर होऊ शकते. सातपाटी, वडराई, मुरबे येथील विद्यार्थी आपल्याच घरातील सत्तरीपुढील माणसांना विचारू शकतात : लग्नात कोणाचा बँड येई, बिदागी किती, चाल कोण बसवी, क्लॅरिनेट कोठून आणले, वाजवायला कोणी शिकवले. घरातल्या कॅसेटच्या फिती खाऱ्या हवेत चिकटतात आणि त्यांवर बुरशी धरते, म्हणून त्या आधी गोळा करून त्यांची प्रत काढणे निकडीचे आहे. तबकड्या मिळाल्यास वेष्टनही जपावे. कारण गायक व संगीतकारांची नावे तबकडीवर असली तरी साथीच्या वादकांची नावे बहुधा कोठेच छापलेली नसतात. मागे ट्रंपेट कोण वाजवीत होता, हे त्याच्या शेजारी बसून वाजवणारा माणूस हयात असेपर्यंतच कळू शकते.